नीलांबरीची पाटी

मित्रांनो, माझ्या भिंगाखाली कातड्याचं एक छोटंसं ठिगळ आहे. मी घडीचा कॅमेरा, तोही जुना. वय झालं की अंगावर ठिगळं येतातच, असं सांगून मला हा विषय टाळता आला असता. पण टाळण्याची सवय एकदा फार नडली आहे. मला नाही, दुसऱ्याच कोणाला. म्हणून या खेपेला सांगून टाकतो.

माझा जन्म भिंगारचा, सन एकोणीसशे त्रेचाळीसचा. बाजाराच्या मागे शामकांत यांचा कॅमेऱ्यांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द त्यांचा. एक पडवी, तीन माणसं आणि सरसाचा वास, एवढाच त्याचा पसारा. स्वतः शामकांत, सुतारकाम करणारा सहादेव आणि भाता शिवणाऱ्या मुक्ताबाई. भाता म्हणजे माझं घड्याघड्यांचं कातडी पोट. ते ओढलं की मी लांब होतो, मिटलं की पेटीत मावतो.

मुक्ताबाईंच्या घरी पलटणीची खोगिरं शिवायचे. नवरा गेल्यावर त्यांनी तोच दाभण कॅमेऱ्याच्या कामाला लावला. भाता शिवून झाला की त्या भर दुपारी अंगणात बसायच्या, त्याचं एक तोंड तळव्याने झाकायच्या, दुसऱ्यात स्वतःचं तोंड खुपसून भोवती पदर गच्च आवळायच्या आणि उन्हाकडे वळायच्या. आत एक जरी चांदणी चमकली तरी भाता पुन्हा शिवायला. माझ्या भात्यात त्यांना गडद अंधार दिसला होता. त्या समाधानाने उठल्या, हे मला चांगलं आठवतं.

कारखान्यात चार तऱ्हेचे कॅमेरे होत. सगळ्यात मोठा स्टुडिओवाल्यांचा, सगळ्यात लहान हौशी पोरांचा, आणि मध्ये आम्ही दोघं. या मधल्या दोघांना शामकांतांनी आपल्या मुलींची नावं दिली होती. बिनभात्याचा, पेटीसारखा ठोकळा तो 'दमयंती' आणि घडीचा तो 'नीलांबरी'. नाव मुलीचं नि जात कॅमेऱ्याची, अशी माझी अवस्था.

लढाईमुळे मुंबईहून भिंगं मिळेनाशी झाली. शामकांतांचे मेहुणे यज्ञेश्वर नगरला कचेरीत कारकून होते आणि दुसऱ्याच्या घरातली काटकसर हा त्यांचा आवडीचा विषय होता. दोन्ही मधल्या कॅमेऱ्यांना भिंग सारखंच लागतं, गिऱ्हाईकही जवळपास तेच, मग दोन चुली कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"शामराव, मधल्या दोन्ही पोरी एकाच मांडवात उजवून टाका," ते म्हणाले. "एकच कॅमेरा करा. भाता काढा, निम्मी कटकट जाईल."

ती निम्मी कटकट म्हणजे मुक्ताबाई. त्या तिथेच कातडं भिजवत बसल्या होत्या.

शामकांत वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तोड काढली. रविवारी दुपारी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच उन्हात दोन्ही मुलींचा फोटो काढायचा. दोन्ही फोटो चांगले आले तर दोन्ही कॅमेरे राहतील. तसा शब्द त्यांनी मुक्ताबाईंना दिला.

आता माझं पाप ऐका. रविवारी सकाळी शामकांतांनी माझ्या छातीवर नावाची पाटी ठोकायला घेतली. जुन्या तांब्याचा पत्रा कापून केलेली, त्यामुळे जरा फुगीर. मुलीचं नाव, म्हणून सहादेवाला हात लावू दिला नाही. पहिला खिळा वाकडा गेला आणि लाकडातून आरपार झाला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिळा उपसला, काजळ कालवलेलं मेण त्या छिद्रात भरलं आणि दुसरा खिळा शेजारी मारला. वरून पाटी बसली. झाकलं गेलं.

वैशाखातलं नगरचं ऊन मेणाला मानवत नाही. फोटोच्या वेळी ते मऊ होऊन ओघळलं आणि फुगीर पाटीच्या फटीतून उजेड आत शिरला. मला ते कळत होतं. यंत्राला तोंड नसतं ही माझी सबब. पण मला अडून तरी बसता आलं असतं. पुढच्या आयुष्यात मी शंभर वेळा विनाकारण अडलो. त्या दिवशी मात्र गुणी मुलासारखा वागलो.

दमयंती कॅमेऱ्याचा फोटो स्वच्छ आला. माझ्या फोटोत थोरली दमयंती होती, बाक होता, आणि धाकटीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा ढग.

"बाबा, मी कुठाय?" नीलांबरीने विचारलं.

सगळ्यांनी भात्याकडे पाहिलं. उजेड आत आला की आळ भात्यावर, ही या धंद्यातली रीत. मुक्ताबाईंनी भाता सोडवून घेतला, अंगणात जाऊन आत तोंड घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"भात्यात भोक न्हाई, मालक," त्या परत येऊन म्हणाल्या. "माज्यानंतर ह्याला हात कुनी लावला? ती पाटी काढून बगा."

शामकांतांचा हात पाटीपर्यंत आला. मला त्यांची बोटं लागली, मित्रांनो. मग यज्ञेश्वर खाकरले, पोर समोर उभी होती, आणि तो हात परत गेला.

"उजेड खोटं बोलत नाही, मुक्ताबाई," ते म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात दोन्ही कॅमेरे एक झाले. नव्याचं नाव 'भगिनी'. यज्ञेश्वरांनी सुचवलेल्या या कॅमेऱ्यात दोघींचे दोष मात्र काटकसर न करता घेतले होते. जत्रेतल्या फोटोवाल्यांना तो जड होई, बाकीच्यांना महाग पडे. मुक्ताबाई भावाकडे जामखेडला गेल्या. मला फळीवर ठेवलं. येता-जाता शामकांत माझ्याकडे पाहत नसत, इतकं कटाक्षाने की मला रोज कळे.

तीन वर्षांनी एके दिवशी सहादेव सासुरवाडीहून, म्हणजे जामखेडहून, परतला आणि सरस ढवळता ढवळता सहज म्हणाला, "आमच्या मेव्हन्याच्या हिरीवर मुक्ताबाईची मोट हाय. दोन वर्सं झाली, शिवनीतनं थेंब गळत न्हाई."

शामकांतांच्या हातातली कानस थांबली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर बसून सर्व्हिस मोटारीने जामखेडला निघालो.

मुक्ताबाई भावाच्या दारात मोट, म्हणजे विहिरीचं पाणी उपसायची कातडी पिशवी, शिवत होत्या. शामकांतांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्याच दाभणाने पाटी उचकटली. छिद्र तिथेच होतं. कडेला काळं मेण चिकटलेलं.

"खिळा मी वाकडा मारला होता," शामकांत म्हणाले. "मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मलाबी ठाऊक हुतं, मालक. रविवारी सकाळी भिताडापल्याड मी कातडं कमावत हुते. एक खिळा ठोकायला किती ठोके लागत्यात, ते ऐकू येतं. तुमी सांगताय का, तेवढं बगायचं हुतं."

शामकांतांनी परत चला म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "येऊन शिवू काय? भात्याचा कॅमेरा तर तुमी मोडीत काढला." आवाजात राग नव्हता. राग असता तर शामकांतांना बरं वाटलं असतं.

मग त्यांनी मोटेच्या कातड्याचा इवला तुकडा कापला, कड तासून पातळ केली, सरस लावून छिद्रावर बसवला आणि अंगठ्याने दाबून धरला. शामकांतांनी त्यांचा फोटो काढायची परवानगी मागितली. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ फोटो. मोटेची शिवण टाक्याटाक्याने मोजता येते. मुक्ताबाई त्यात हसत नाहीत.

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवाव्यात, उन्हात टाकू नयेत, हे तुम्हांला शाळेत सांगतातच. मी एवढंच जोडतो. एखादी वस्तू बिघडली तर तिला शेवटचा हात कोणाचा लागला होता, ते आधी आठवा. तो हात तुमचाच निघाला, तर पाटी लगेच काढा. तीन वर्षं थांबलात तर वस्तू दुरुस्त होते. बाकीचं होत नाही.

ती पाटी पुन्हा कोणी ठोकली नाही. ठिगळ अजून पक्कं आहे. भर उन्हात मी आत डोकावून पाहतो, एकही चांदणी दिसत नाही.