चिमणीच्या मानेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कमरेचा नव्हे हं, मानेचा! लगेच कुत्र्याचा पट्टा म्हणून दात काढू नका. लढाऊ विमानं उडवणाऱ्यांच्या डोक्यावर मी बसलेलो आहे, तेव्हा थोडा तोरा मला शोभतो.

घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका कारागिराने मला जाड दोऱ्याने शिवलं. डोक्याभोवती बसेल असा गोल, कानांपाशी कड्या, कड्यांतून साखळी आणि साखळीच्या टोकाला लोखंडी वजन. हवाई तळाच्या व्यायामशाळेत एक पिकल्या मिशांचे शिक्षक होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांनी मला खिडकीजवळच्या खुंटीवर टांगलं. वैमानिक यायचे, मला डोक्यात अडकवायचे आणि पुढे वाकून सावकाश मान वर-खाली करायचे. "चला, आज कोणाला जुंपायचं?" असं उस्तादांनी विचारलं की हशा पिकायचा.

तुम्ही म्हणाल, मानेचे एवढे कसले चोचले? अहो, लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा अंगावर कित्येक पट भार येतो. हेल्मेटसकट डोकं धान्याच्या पोत्यासारखं जड होतं. आणि नेमकं तेव्हाच मागे वळून बघावं लागतं, कारण पाठीवर कोण आलंय ते कळायला हवं. मान कच्ची असेल तर तिथेच कारभार आटोपतो.

माझी लाडकी वैमानिक म्हणजे चिमणी. अंगाने बारीक, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं हे नाव. पण मान कशी, तर पोलादी! ती रोज यायची, हलकंच वजन लावायची आणि तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत व्यायाम करायची. मी कपाळाला टेकलेलो असल्यामुळे ते गुणगुणणं मला कळायचं. निघताना घाम पुसून मला नीट खुंटीवर ठेवायची. बाकीचे मेले कोपऱ्यात भिरकावून जायचे.

आता त्या तळावर 'दुखतं' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. मान धरली तरी "झोपेत अवघडली" असंच म्हणायचं. दुखतं म्हटलं की डॉक्टर आले, आणि डॉक्टर आले की 'खाली बसवणं' आलं. म्हणजे बरं वाटेपर्यंत उड्डाण बंद.

एकदा चिमणी उड्डाणावरून परतली ती डावा खांदा उचलूनच. उस्तादांनी तिला मागून हाक मारली, तर मान न वळवता ती अख्खीच्या अख्खी वळली.

"मॅडम, दुखतंय ना?"

"छे हो उस्ताद, अवघडलीय जराशी."

"डॉक्टरांना दाखवून या. दोन-तीन महिने खाली बसवतील, फार तर."

"दोन-तीन महिने? मी वेडी होईन हो! नवी तुकडी निवडतायत. आत्ता बसले तर बसलेच."

मग ती यायचीच बंद झाली. माझ्यावर धूळ बसली. दार वाजलं की मला वाटायचं, आली! पण यायचं दुसरंच कोणीतरी.

आणि आली ती नको त्या दिवशी. उस्ताद जेवायला गेले होते. तिने सगळ्यात जड वजन साखळीला लावलं आणि स्वतःशीच म्हणाली, "मोडूनच काढते हे अवघडलेपण." अगं वेडे, दुखरी मान अशी मोडून काढतात का? मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. तिने जोर लावला, दात आवळले, आणि तिच्या मानेतून उठलेली कळ माझ्या चामड्यापर्यंत पोचली. ती मटकन खाली बसली. डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. तिला मला डोक्यावरून काढताही येईना. शेवटी परत आलेल्या उस्तादांनीच मला काढलं.

मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. शस्त्रक्रिया झाली, हातात जोर आला, पण मान कायमची आखडली. वेळेवर आली असती तर पुन्हा उडाली असती, असं डॉक्टर व्यायामशाळेत येऊन उस्तादांना हळहळून सांगत होते.

आता ती तळावरच्या कचेरीत काम करते. परवा दुपारी व्यायामशाळेत आली. मला खाली काढलं, मऊ फडक्याने पुसलं, तेल लावलं. किती वर्षांनी तो हात लागला!

"उस्ताद, एकदाच घालू का? वजन नाही लावत."

उस्तादांनी तिला आयुष्यभर मॅडमच म्हटलं होतं. त्या दिवशी म्हणाले, "नको, पोरी."

इतक्यात बाहेर एक नव्या बनावटीचं विमान गडगडत घिरट्या घालू लागलं. सगळे धावत मैदानात गेले आणि माना वर करून बघू लागले. चिमणीही गेली. मला खिडकीतून दिसत होतं. तिची मान वर झाली नाही. मैदानावरून सरकत जाणारी विमानाची सावली तेवढी ती बघत राहिली, ती कुंपणापलीकडे जाईपर्यंत.

मित्रांनो, तुमचं अंग कुरकुरलं तर त्याला गप्प बसवू नका, कोणाला तरी सांगा. थोडे दिवस खाली बसावं लागेल, रडू येईल, येऊ द्या. आभाळ कुठे पळून जात नाही. तिचं आभाळ अजून तिथेच आहे, फक्त तिला मान वर करता येत नाही.