खिडकीकडची बाजू

माणसाला वेड लागायला वयाची अट नसते. कवळीवाल्यांचंच बघा ना. उभा जन्म त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी हसत होती आणि उरलेली त्यांनी केलेल्या दातांनी भांडत होती. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर आता तरी गृहस्थ स्वस्थ बसतील असं त्यांच्या बायकोला वाटलं होतं. कसलं काय! त्यांनी मागच्या खोलीतलं तिचं शिवणाचं टेबल बळकावलं आणि आगगाडीचं इंजिन करायला घेतलं.

इंजिन म्हणजे खेळण्यातलं नव्हे हं. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अस्सल पितळेचं. कवळ्यांचीच विद्या त्यांनी इथे लावली. आधी मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती प्लास्टर ओतायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू. "दाढ काय नि चाक काय, साचा तो साचा," ते म्हणायचे. दात घासूनपुसून चकचकीत करायचा ब्रश आता बॉयलरवर फिरायला लागला.

"ही तुमची सवत अजून किती दिवस माझ्या टेबलावर बसणार आहे?" बायको विचारायची.

"माझी नव्हे, तुझी सवत."

"तेच ते. तुम्ही तिला न्हाऊ घालता, पुसता, रात्री पांघरूणसुद्धा घालता. मला कधी घातलंत?"

पण ही सवत कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती होती ठेंगी. नवऱ्याच्या लहानपणी त्यांच्या घरामागून अरुंद रुळांची एक छोटी गाडी जायची, तिचं हे इंजिन. बुटकं आणि गोल, म्हणून सगळे तिला ठेंगी म्हणत. त्या काळात कवळीवाले झाडावरून पडले होते. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर, आणि पलंग खिडकीला लावलेला. बाकीची पोरं बाहेर हुंदडत असताना हा आपला आडवा. जगात त्याच्यासाठी हलणारी वस्तू एकच, ठेंगी. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायची सोय नव्हती, त्यामुळे सकाळी तोंड पुढे करून गेलेली ठेंगी संध्याकाळी पाठमोरी, मागे मागे सरकत परत यायची.

एका सकाळी इंजिनातल्या माणसाने खिडकीतलं हे प्लास्टरचं गाठोडं पाहिलं. काळंकुट्ट झालेलं तोंड, डोक्याला रुमाल. त्याने हात वर केला, आणि लगेच ठेंगीने दोन आखूड शिट्ट्या दिल्या. फाटकाची शिट्टी एकच असायची आणि लांबलचक. या दोन शिट्ट्या रेल्वेच्या नव्हत्या. त्या पोराच्या होत्या. मग रोज तेच सुरू झालं, हात वर आणि दोन शिट्ट्या. मधे एकदा काही दिवस शिट्टी वाजली नाही, तेव्हा पोराने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. "ड्रायव्हर रागावला माझ्यावर," असं त्याने आईला सांगितलं होतं. पण पुढे शिट्ट्या परत आल्या. प्लास्टर निघालं आणि पोरगा धड चालायला लागतो न लागतो तोच वडिलांची बदली झाली. ड्रायव्हरला जवळून पाहणं राहूनच गेलं.

"त्या दोन शिट्ट्यांवर मी दिवस काढले," कवळीवाले बायकोला म्हणाले होते. "आई जेवण द्यायची, डॉक्टर औषध द्यायचा, पण उद्या सकाळी उठावं असं वाटायचं ते त्या माणसामुळे. आणि मी त्याला साधं बरं वाटतंय एवढंही सांगितलं नाही."

बायकोने सवतीचा राग गिळला आणि ती कामाला लागली. बायकांच्या नात्यागोत्याच्या जाळ्यापुढे पोलीसखातं झक मारतं. तिच्या मैत्रिणीच्या नणंदेचा सासरा ठेंगीवर ड्रायव्हर होता, असा शोध तिने लावला. म्हातारबुवा हयात होते. डोळे गेले होते, पण कान आणि जीभ शाबूत होती.

"पण लवकर चला," ती म्हणाली. "पिकलं पान आहे. तुम्ही चाकं घासत बसाल आणि तिकडे गाडी सुटेल."

मग कवळीवाल्यांची जी धांदल उडाली! इंजिनाची खिडकीतून दिसणारी बाजू त्यांना तोंडपाठ होती. प्रत्येक नळी, प्रत्येक खिळा, कोळशाचं फावडं अडकवायचा आकडासुद्धा. पण दुसऱ्या बाजूचा जुना फोटो काही मिळेना. शेवटी त्यांनी विचार केला, माणसाचा उजवा गाल तसाच डावा. दिसणाऱ्या बाजूचेच साचे उलटे करून त्यांनी दुसरी बाजू उरकली. शिट्टी मात्र जीव ओतून केली. दातांच्या दवाखान्यात हवा फुंकायला रबरी फुगा असतो, तो पोटात लपवला. आत लोंबणारी बारीक साखळी ओढली की फुगा दाबला जायचा आणि ठेंगी बोलायची.

ड्रायव्हरकाकांच्या घरी पोचले तेव्हा इंजिन जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी लेकरासारखं छातीशी धरलं होतं. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. सूनबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. येताना कवळीवाल्यांनी आभाराचं वाक्य घोकून घोकून पाठ केलं होतं. ते दारातच विसरलं. त्यांनी मुकाट्याने टॉवेल सोडला आणि ठेंगी काकांच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्याची बोटं आधी चिमणीवर गेली. मग बॉयलरवरून, घुमटावरून सावकाश मागे सरकली. मग डावीकडे उतरली आणि आकड्यापाशी थबकली.

"ठेंगी आहे ही," काका म्हणाले. आवाज जरा ओला झाला होता. "सूनबाई, अगं माझी ठेंगी आली! हा आकडासुद्धा वाकडा ठेवलाय बघ पठ्ठ्याने. तो वाकडाच होता."

कवळीवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. बायकोने कोपराने ढोसलं, म्हणजे आता बोला. तेवढ्यात म्हाताऱ्याची बोटं उजवीकडे गेली. तिथे ती चाचपडली, मागे आली, परत गेली.

"हे काय? इकडेही फावड्याचा आकडा? अरे, मी गाडी चालवायची की कोळसा टाकायचा?" काका हसायला लागले. "आणि माझा दांडा कुठे गेला, पुढे-मागे करायचा? ब्रेकचं चाक कुठाय? ही माझी बाजू नाही रे बाबा. ही दोन्हीकडून फायरमनचीच बाजू केलीस तू!"

"तुमची बाजू?"

"ड्रायव्हर उजवीकडे, फायरमन डावीकडे. इंजिन कुठे फिरायचं आमचं? जाताना मी ज्या अंगाला, येतानाही त्याच."

कवळीवाले मटकन स्टुलावर बसले. आयुष्यभर त्यांनी ज्या माणसाला ड्रायव्हर म्हणून मनात पुजलं, तो ड्रायव्हर नव्हताच. ठेंगी नेहमी एकच गाल खिडकीकडे करून जायची, आणि ड्रायव्हर कायम पलीकडे. या माणसाला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मग आपण आभार मानायला आलो ते कोणाचे? अडखळत त्यांनी सगळं सांगितलं, खिडकी, प्लास्टर, रुमालवाला, त्या दोन शिट्ट्या.

काकांनी तोंड त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळवलं.

"तो तू होय?" ते म्हणाले. "अरे, तो आमचा धुरंधर. मीच नाव ठेवलं होतं. शहाणपणाने धुरंधर नव्हे, सगळा धूर त्याच्या अंगावर म्हणून! रोज तिथे आलं की फावडं टाकून ओरडायचा, 'दादा, दोनदा वाजवा, पोरगं खिडकीत आहे.' मला काही दिसायचं नाही. मधे तो होता, कोळसा होता, वाफ होती. मी आपला त्याच्या शब्दावर साखळी ओढायचो."

"मधे काही दिवस शिट्टी वाजली नव्हती..."

"लग्न होतं त्याचं! सुट्टीवर होता. बदली आलेला फायरमन मुखदुर्बळ, तो कशाला सांगतोय. आणि हा लग्नाहून परतला तर नव्या नवरीचं राहिलं बाजूला, पहिला प्रश्न काय? 'दादा, पोराला शिट्टी दिली होती ना?' मी नाही म्हटलं तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही."

"आता कुठे असतात ते?" बायकोने हळूच विचारलं.

"गेला तो. माझ्या आधी गेला. कशाचीही घाईच त्याला."

कवळीवाल्यांच्या डोळ्यांना धार लागली. एवढ्या वर्षांनी आभार मानायला यावं आणि माणूस निघून गेलेला असावा. पण वाईट वाटण्याच्याही आत काहीतरी भरून येत होतं. एक माणूस रोज आठवणीने सांगत होता, दुसरा न बघता ऐकत होता, आणि हे सगळं एका अनोळखी पोरासाठी. आपल्याला वाटलं होतं त्याच्या दुप्पट मिळालं होतं आपल्याला.

"काका," ते म्हणाले, "मी तुमचे आभार मानायला आलो होतो. तुमचेही, त्यांचेही. फार बरं वाटायचं हो मला."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याची बोटं इंजिनात शिरली आणि साखळी सापडताच थांबली.

"हिला आवाज आहे?"

"आहे. ओढा की."

"असं कसं ओढू? सांगितल्याशिवाय मी कधी वाजवली नाही. तू डावीकडे ये."

कवळीवाले उठले आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या होत्या.

"दादा, दोनदा वाजवा," ते म्हणाले. "पोरगं खिडकीत आहे."

म्हाताऱ्याने दोनदा साखळी ओढली.

त्यानंतर चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना कवळीवाले इंजिन तिथेच ठेवू लागले तर काकांनी ते परत त्यांच्या हातात दिलं. "माझी बाजू नीट करून आण," ते म्हणाले. "मी सांगतो तशी. चार खेपा माराव्या लागतील, मारशील ना?"

"मारतील की," बायको म्हणाली. "टेबल माझंच अडकलेलं आहे."