चौथा बार

“मास्तर, ह्ये तेवढं सखूवैनीला वाचून दावा. माझ्यानं बोलवत न्हाय,” असं म्हणत गुरुलिंगनं शाळेच्या ओट्यावर वीतभर रुंदीची कागदी पट्टी उलगडली. मी चष्मा लावून बघतो तर तिच्यावर अक्षर एक नाही. नुसती निळी रेघ, मध्येच वेड लागल्यासारखी वर-खाली नाचलेली.

“यात वाचू काय? माझं कपाळ?” मी खेकसलो. मला त्याचा रागच आला होता. हिमालयातून येऊन पंधरा दिवस झाले, तरी हा बाबा गोरोबाच्या घराकडे फिरकला नव्हता. दोघे आमच्या तामलवाडीचेच, विहिरी फोडणारे जोडीदार. सत्तावन्न साली सोलापूर रस्त्याच्या कामावर एका सरकारी साहेबानं त्यांचा सुरुंगावरचा हात पाहिला आणि दोघांना हिमनदीवर नेलं. गोरोबा परत आलाच नाही. त्याच्या बायकोला, सखूबाईला कागद आला, ‘अपघाती मृत्यू’ एवढाच. तोही मीच वाचून दाखवला होता.

गुरुलिंग अडखळत सांगू लागला. बर्फात सुरुंग उडवायचा. त्याचा धक्का तळाच्या खडकावर आपटून परत येतो, तो बर्फात रोवलेल्या डबीएवढ्या यंत्रांनी टिपायचा, म्हणजे बर्फ किती खोल ते कळतं. शिवाय साहेबाला बर्फाच्या आतली हालचालही ऐकायची होती. म्हणून यंत्राची सुई दिवसभर कागदावर रेघ ओढत असे.

“बर्फाचं ऐकायचं काय? तो बोलतो की काय?”

“बोलतंय मास्तर. चालतंय, आन चालताना आतून फुटतंय. थेट सुरुंगावानी.”

‘हिमनदी हळूहळू पुढे सरकते’ हे वाक्य दहा वर्षं मी पोरांकडून घोकून घेत होतो. ती सरकताना आवाज होत असेल, हे बापजन्मी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्याकडे विहिरीवर एक रीत आहे. वाती पेटवल्या की सगळे आडोशाला बसून बार मोठ्यानं मोजतात. लावले तितके उडाले, की ज्यानं वात पेटवली तोच आधी खाली उतरतो. या दोघांत हे काम गुरुलिंगचं. त्या दिवशी थंडीनं सुरुंग उडवायचं विजेचं यंत्र बंद पडलं, तेव्हा साहेबानं वातीवरच चार सुरुंग लावायला सांगितले.

“चार मोजले मास्तर, ह्या कानांनी. माझी पायाची बोटं गारठून काळी पडलेली. गोरोबा म्हनला, ‘तू बस, म्या बघून येतो. झाले न्हवं चार?’ म्या म्हनलो, ‘झाले चार.’” त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. “ह्यो एक, ह्यो दोन, ह्यो तीन. चौथा बघा, बारका, येगळाच. त्यो बर्फाचा हाय. मागनं साहेबानंच दावला. आन हितं...” त्याचं बोट कागदाच्या टोकाशी, एका उंच रेघेवर थांबलं. “ह्यो गोरोबा.”

अरे देवा! धडधाकट माणूस, आणि शेवटी एवढीशी रेघ!

“चल,” मी म्हणालो. “पण सांगायचं तू. मी नुसता सोबत येतो.”

सखूबाई अंगणात जोंधळे पाखडत होती. गुरुलिंगनं खाली मान घालून सगळं सांगितलं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

“म्हंजी झाले चार, आसं तुमी म्हनला.”

“व्हय, वैनी.”

“आन गेले त्ये.”

“व्हय.”

तिनं पट्टीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. “उठा हितनं,” एवढंच म्हणाली. आम्ही उठलो.

महिन्याभरानं तिनं मला बोलावून घेतलं. “मास्तर, आमची हीर अर्धी राहिलीया. भावजीला म्हनावं, येऊन फोडा.”

मी थक्कच झालो. “त्याच्या हातून? अगं, गावात दुसरे काय मेलेत का?”

“दुसऱ्या कुनाला ह्यांनी हात लावू दिला नसता,” ती म्हणाली.

हिमालयातून आल्यापासून गुरुलिंगनं वातीला हात लावला नव्हता. तरी तो आला. त्यानं चार सुरुंग भरले, वाती पेटवल्या आणि लंगडत चिंचेच्या आडोशाला येऊन बसला. त्याच्या तोंडून आकडा फुटेना. मोजलं ते सखूबाईनं. “एक. दोन. तीन. चार.”

धुरळा खाली बसला, तरी गुरुलिंग उठेना.

“अरे, झाले की चार! मीही ऐकले,” मी म्हणालो.

“चौथा खरा कशावरनं, मास्तर?” त्याचे दात कडकड वाजत होते. भर उन्हात! बर्फ नाही की काही नाही, सगळा काळा दगड. पण त्याला कोण समजावणार?

सखूबाईनं पदर खोचला आणि ती सरळ विहिरीकडे चालू लागली.

“सखूबाई! वेड लागलं का तुला?” मी ओरडलो. तोवर ती पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली होती. “वैनी! वैनी, थांबा!” करत गुरुलिंग धडपडत धावला आणि काठावर गुडघ्यांवर कोसळला. खाली खडे घरंगळल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मग खालून तिचा आवाज आला. “चारीबी उडाल्यात, भावजी. या खाली.”

गुरुलिंग हमसून हमसून रडला. मग बाहीनं तोंड पुसून, बोटं झडलेला पाय त्यानं पहिल्या पायरीवर ठेवला.