मान टाकणारा दिवा

जगातल्या बहुतेक वस्तूंना टोकं असतात, हा शोध हॅनाला लिओनेल रांगायला लागला तेव्हा लागला. त्याआधी टेबल हे नुसतं टेबल होतं, आणि खिडकी म्हणजे वारा यायची जागा. आता लिओनेल चार वर्षांचा झाला होता, पण तिचे शोध काही थांबले नव्हते. द्राक्ष घशात अडकतं. फुगा फुटला की त्याचा तुकडा नाकात जाऊ शकतो. आणि सायकलच्या डंडीवर बसलेल्या मुलाला धरायला जगात कुणाचाच हात रिकामा नसतो.

हा शेवटचा शोध अगदी ताजा होता, आणि तो सासऱ्यांमुळे लागला होता.

झालं असं, की चर्चमधल्या नाताळच्या नाटुकल्यात लिओनेलला मेंढराचं काम मिळालं. संवाद एकच, "बें." पण तो त्याने इतका मनावर घेतला की चार दिवस घरात दुसरी भाषाच बोलेना. दूध हवं, बें. नको, तरी बें. सोमवारपासून रोज संध्याकाळी सात वाजता पॅरिश हॉलमध्ये तालीम होती, आणि नाटुकलं बसवणाऱ्या फियोनाटीचरनी आधीच बजावलं होतं, "पहिल्या दिवशी जो येणार नाही, त्याला कळपात जागा नाही. माझ्याकडे वेटिंगवर तीन मेंढरं आहेत."

सातला हॅनाचं लॉगिन असायचं. ती घरूनच काम करायची, अमेरिकेतल्या इस्पितळांची बिलं तपासायचं. तिचा नवरा ब्रँडन विमानतळावर नोकरीला, या महिन्यात त्याची रात्रपाळी. घोडबंदर रोडपासून त्यांच्या गावठाणात येणारा रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे रिक्षावाले तोंडावर नाही म्हणत होते. उरले पपा, म्हणजे तिचे सासरे सिल्वेस्टर.

"एवढं काय त्यात? मी नेतो की," पपा म्हणाले. "डंडीवर त्याची सीट लावतो. हा निघालो, हा पोचलो."

"काळोखात?"

"काळोख माझ्या ओळखीचा आहे."

"पण तुम्ही काळोखाच्या ओळखीचे आहात का, पपा? समोरून कुणी बाइकवाला आला, त्याला काय दिसणार?"

शेवटी तह झाला. सायकलला दिवा बसवायचा. दिवा पक्का बसला तरच लिओनेल डंडीवर, नाहीतर नाही. आणि पक्का म्हणजे किती पक्का, हे हॅना ठरवणार.

तिने रात्री अर्धा तास परीक्षणं वाचून दिवा मागवला. खोक्यावर कुणी एक जण बर्फाच्या डोंगरातून सायकल हाणत होता. पपांनी ते चित्र लांब धरून बघितलं आणि विचारलं, "हा पण तालमीलाच चाललाय?"

दिव्याला रबरी पट्टा होता. तो हँडलभोवती आवळायचा की झालं, असं खोक्यावर लिहिलं होतं. पण खोकं लिहिणाऱ्याने पपांची सायकल पाहिली नव्हती. आजकालच्या सायकलींना ब्रेकची वायर असते. या काळ्या धुडाला वायर नव्हती. त्याच्या हँडलच्या पोटाशी चिकटून ब्रेकची लोखंडी सळी आडवी जायची, हँडलला जुळं झाल्यासारखी. त्यामुळे पट्ट्याने कवेत घेतलं ते दोघांनाही, हँडलला आणि सळीला. हॅनाने दात-ओठ खाऊन पट्टा ओढला. दिवा बसला.

"चला, एक चक्कर मारून दाखवा," ती म्हणाली.

पपा गल्लीच्या टोकाला क्रूस आहे तिथपर्यंत गेले आणि वळून परत यायला लागले. दिवा झकास समोर बघत होता. हॅना फाटकात उभी होती. सायकल जवळ आली तशी ती तिला नेहमीप्रमाणे फारच वेगात वाटली. "हळू, पपा, हळू!" ती ओरडली, आणि त्याच क्षणी दिव्याने मान टाकली. उजेडाचा गोळा रस्त्यावरून घसरला आणि पुढच्या चाकावर येऊन बसला.

सासूबाई, ज्युलियाना, ओट्यावर लसूण सोलत होत्या. "वा," त्या म्हणाल्या. "चाक मात्र छान दिसतंय."

मग उपाय सुरू झाले. ज्युलियानांनी जुन्या परकराची चिंधी आणली. ती पट्ट्याखाली गुंडाळली. हॅना फाटकात आली, पपा क्रुसाकडून आले, "हळू!" आणि दिव्याने मान टाकली. मग पपांनी सुतळी काढली आणि दिवा असा बांधला की चौकशीला आणलेला चोर वाटावा. त्यानेही मान टाकली, फक्त सुतळीसकट. शेजारच्या रंगूबाई वाल सोलता सोलता कुंपणावरून बघत होत्या. त्या घरात गेल्या आणि पंक्चर झालेल्या ट्यूबच्या पट्ट्या घेऊन आल्या. "ह्यो बांध गो बाय. रबराला रबर धरतो." धरला. फाटकापर्यंत.

पपांचं म्हणणं वेगळंच होतं. "अगं हॅना, मी दुपारी नाक्यापर्यंत जाऊन आलो. खड्डे खाल्ले, दोन स्पीडब्रेकर खाल्ले. केसभर हलला नाही. तुझ्यासमोर आला की त्याला काय होतं, देव जाणे."

"माझ्यासमोरच बरा पडतो!"

"आमच्या वेळी," ज्युलियाना म्हणाल्या, "सासरा आला की सून मान खाली घालायची. आता सून आली की दिवा घालतो. चालायचंच."

हॅनाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. पपा खोटं बोलत आहेत असं तिला वाटत नव्हतं. ते तपासत नाहीत, एवढंच तिला वाटत होतं. दिवा पडला तरी त्यांना पत्ता लागत नसेल. तीस वर्षांपूर्वी ज्या रस्त्याला खड्डे नव्हते, त्याच रस्त्यावरून ते मनातल्या मनात सायकल चालवत असणार.

रविवारी शेवटची परीक्षा ठरली, आणि ती वजनासकट. वजन म्हणून लिओनेलला बसवायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा तांदळाची छोटी गोणी डंडीवरच्या सीटवर बसवली. ती घसरत होती म्हणून हॅनाने आपल्या ओढणीने बांधली. आणि मग, का कोण जाणे, पण राहवेना म्हणून, तिने गोणीला लिओनेलचं निळं हेल्मेट घातलं आणि खालचा पट्टा लावला.

पपा निघाले. गल्लीतून गोणीची मिरवणूक चालली.

"सिल्वेस्टर," रंगूबाई ओरडल्या, "कुनाचा रं पोर ह्यो? बरा गुबगुबीत हाय!"

"वेटिंगवरचं मेंढरू आहे," पपा म्हणाले, आणि घंटी वाजवत पुढे गेले.

लिओनेल फाटकाच्या गजांना धरून उभा होता. आपल्या सीटवर आपलं हेल्मेट घालून तांदूळ फिरायला गेलेले बघून त्याचा चेहरा उतरला होता. पपा क्रुसापाशी वळले. उजेड सरळ. स्पीडब्रेकर आला. गोणी उडाली, बसली. उजेड सरळ. हॅनाने श्वास रोखला. सायकल जवळ आली, आणखी जवळ आली, गोणीचं हेल्मेट एका बाजूला कललं, आणि हॅनाच्या तोंडून निघूनच गेलं, "हळू! हळू ना पपा!"

दिव्याने मान टाकली.

पपा सायकलवरून उतरले. मग हॅना म्हणाली, "सॉरी, पपा. मी फियोनाटीचरना फोन करते."

"मी मेंढरू नाही?" लिओनेलने विचारलं. चार दिवसांत पहिल्यांदा तो माणसाच्या भाषेत बोलला होता.

पपांनी गोणीच्या हेल्मेटचा पट्टा सोडला, अगदी जपून, हनुवटीला चिमटा बसू नये तसा. हेल्मेट नातवाच्या हातात दिलं आणि हात धुवायला मागे विहिरीकडे गेले. सायकल तशीच उभी राहिली.

ती आत घ्यायला हॅना गेली. ओट्याच्या बाजूने मागच्या छपराकडे उतार होता. गोणीचं वजन पुढे, उतार खाली, आणि हॅनाने सायकल धरली नसून सायकलनेच हॅनाला धरल्यासारखं झालं. ती खेचली जायला लागली. तिने झटक्यात ब्रेक दाबला. सायकल थांबली.

दिव्याने मान टाकली.

हॅना बघत राहिली. तिने दिवा सरळ केला. सायकल दाणदाण आपटली. दिवा जागच्या जागी. हँडल गदागदा हलवलं. तसाच. मग हळूच ब्रेक दाबला. हँडलच्या पोटाशी असलेली सळी फिरली, आणि तिला बांधलेला दिवा तिच्याबरोबर खाली बघायला लागला. ब्रेक सोडला. सळी परत फिरली, पण पट्टा हँडलवर घसरून अडकला होता, त्यामुळे दिवा खालीच राहिला.

म्हणजे दिवा खड्ड्याने पडत नव्हता. ब्रेकने पडत होता. तिला इतका आनंद झाला की ती पपांना हाक मारणार होती. मग त्या आनंदाच्या मागोमाग दुसरा एक विचार आला.

दिवा फक्त आपल्यासमोर पडतो.

"पपा!"

पपा हात पुसत आले.

"पपा, तुम्ही ब्रेक कधी दाबता?"

"दाबतो की."

"कधी?"

पपांनी विचार केला. "तू ओरडतेस तेव्हा."

"आणि मी नसते तेव्हा?"

"तेव्हा घंटी वाजवतो."

"घंटीने सायकल कशी थांबेल?"

"सायकल कशाला थांबायला पाहिजे? माणसं बाजूला होतात ना."

ओट्यावरून ज्युलियाना एवढ्या मोठ्याने हसल्या की लसणाची सालं उडाली. "अगं, त्यांना काय विचारतेस! अख्खी नोकरी एसटीच्या खोपट डेपोत कंडक्टर म्हणून केली. एक घंटी मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की सुटते. त्यापुढचं काही माहीतच नाही माणसाला."

"पुढचं ड्रायव्हर बघायचा," पपा म्हणाले. "घंटी माझी, ब्रेक त्याचा. आम्ही एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नव्हतो."

"आणि इथे ड्रायव्हर कोण आहे, पपा?"

पपांनी सायकलकडे बघितलं. मग गोणीकडे. "हं," ते म्हणाले. "हा पॉइंट आहे."

त्यांनी वाकून पुढचं चाक बघितलं. मग एकदम उत्साहाने म्हणाले, "पण मग सोपं आहे! दिवा खाली पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला बांधू. चाकाच्या बाजूला. ब्रेकचा संबंधच नाही. कितीही दाब, हलणार नाही."

तोडगा बरोबर होता. हॅना हो म्हणणारही होती. तिच्या डोळ्यांसमोर उद्याची संध्याकाळ आली. चिमट्याला पक्का बांधलेला दिवा, न हलणारा उजेड, घंटीचा आवाज दूर दूर जातोय, आणि आपण फाटकात उभे. ब्रेक दाबला की नाही, काहीच कळत नाही.

"नको," ती म्हणाली. "हँडललाच राहू दे. हँडललासुद्धा नको, नुसत्या सळीला बांधू."

"अगं, मग ब्रेक दाबला की पडेल!"

"पडू दे. पण सोडल्यावर परत वर यायला हवा."

तिने कंपनीचा पट्टा काढून टाकला. रंगूबाईंच्या ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या आणि दिवा एकट्या सळीवर घट्ट गुंडाळला, हँडलला कुठेही शिवू न देता. ब्रेक दाबला. दिवा खाली वाकला, चाकासमोरचा खडा न् खडा उजळला. सोडला. दिवा वर. दाबला, खाली. सोडला, वर. ब्रेक पुरता लागतोय ना, हे तिने उतारावर गोणीसकट पुन्हा पुन्हा तपासलं.

पपा कमरेवर हात ठेवून बघत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"ज्युलियाना," ते म्हणाले, "रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आणि हिने माझ्या हँडलवर चेकर बसवला!"

सोमवारी संध्याकाळी लिओनेल डंडीवरच्या सीटवर बसला. हेल्मेट, स्वेटर, स्वेटरच्या आत दुसरा स्वेटर. कापसाची शेपटी सीटवरून मागे आली होती, ती पपांनी स्वतःच्या गुडघ्याखालून नीट काढून ठेवली.

"बें," लिओनेल म्हणाला.

पपांनी घंटी वाजवली. दोनदा. सायकल सुटली.

हॅना फाटकात उभी राहिली. आत लॅपटॉप टिंगटिंग करत होता. उजेडाचा गोल गल्लीतून पुढे सरकत होता, कुंपणावरून, रंगूबाईंच्या केळीवरून. सायकल फार वेगात होती. म्हणजे तिला वाटत होती. "ह" ओठांपर्यंत आला. तिने तोंड दाबून धरलं. आता ओरडलं तर लागेल तो ब्रेक आपला, पपांचा नाही. आणि क्रुसाच्या पलीकडे आपला आवाज पोचत नाही.

स्पीडब्रेकर आला. गोल उडाला, सरळ राहिला. मान काही टाकली नाही. हॅनाने फाटकाचा गज घट्ट धरला. आता वळण. वळणाच्या अलीकडे एक कुत्रा रस्ता ओलांडायचा की नाही याचा विचार करत बसलेला. घंटी वाजली. कुत्रा बसूनच. घंटी पुन्हा वाजली.

आणि उजेडाचा गोल झपकन मागे आला, चाकापाशी, वाकला आणि तसाच राहिला. सायकल थांबायच्या बेतात आली. कुत्रा उठला, आळस दिला, गेला. गोल पुन्हा वर आला.

हॅनाने श्वास सोडला. पण सायकल वळली नाही. रस्ता मोकळा होता, कुत्रा केव्हाच गेला होता, तरी दिवा पुन्हा वाकला. वर आला. पुन्हा वाकला. सगळ्या गल्लीसमोर, क्रुसाखाली, पपा चेकरला सलाम करत होते, एकदा, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येक सलामाला डंडीवरून हसत हसत "बें" येत होतं.

"अहो पपा!" हॅना ओरडली. "वाजले किती! हाणा आता सायकल जोरात!"

ज्युलियाना हातातलं काम टाकून ओट्यावर आल्या, हे नक्की कोण बोललं ते बघायला.