मिस्त्रीकाकांचं ‘हूं’

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या पाच जणांच्या टोळीत मिस्त्रीकाका सगळ्यांत जुने. अठ्ठावीस वर्षं त्यांनी इमारतींच्या पोटात काढली होती. तारेच्या दोरावर नुसता तळहात टेकवून दुखणं कुठे आहे ते सांगायचे. नऊ वर्षांपूर्वी जी मुलगी त्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकली, तीच सहा महिन्यांपूर्वी टोळीची इन्चार्ज झाली. आणि त्याच सुमारास दोघांमधलं बोलणं आटलं.

भांडण असं काही झालं नव्हतं. ती विचारायची, “काका, आज कुठून सुरुवात करू या?” काका म्हणायचे, “हूं.” ती विचारायची, “कालचा ब्रेक तपासलात का?” काका म्हणायचे, “हूं.” कधी कधी तर ती बोलत असतानाच पाठ फिरवून चालू लागायचे. आपण इन्चार्ज झालो ते काकांच्या पचनी पडलेलं नाही, अशी तिची खात्री झाली. उगाच तोंडाला तोंड नको म्हणून ती चिठ्ठ्या लिहून द्यायला लागली. रोज सकाळी काकांच्या हत्यारांच्या पेटीवर एक चिठ्ठी.

काकांना त्या चिठ्ठ्या पाहिल्या की मिरच्या झोंबायच्या. कालपर्यंत ‘काका, काका’ करत मागे फिरणारी पोरगी, आता हिला दोन शब्द बोलायला जड होतात! जेवणाच्या सुट्टीत बाकीचे हसायचे, काकांना विनोद कळायचा नाही, आणि हे आपल्यालाच हसतायत असं वाटून ते डबा उचलून दूर जाऊन बसायचे.

खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा. उजव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि डावाही अधूनमधून दगा द्यायचा. पन्नाशी उलटलेला, त्यात बहिरा, अशाला लिफ्टच्या कामावर कोण ठेवणार? म्हणून समोरच्याचं कळलं नाही की काका आपलं ‘हूं’ म्हणून वेळ मारून न्यायचे.

असं सहा महिने निभावलं. मग एका मंगळवारी ते सात मजली दवाखान्याच्या लिफ्टच्या कामावर होते. लिफ्टच्या खाली, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. काका त्यात उतरून स्प्रिंगांना तेल देत होते. इन्चार्ज वर, गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत. दोघांकडे वॉकीटॉकी. काकांच्या वॉकीटॉकीतून खरखर आली. तिनं काहीतरी विचारलं एवढं त्यांना कळलं. काय विचारलं ते कळलं नाही.

“हूं,” काका म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांच्या हातातलं तेलाचं डबडं दिसेनासं झालं. एवढा अंधार कसा आला म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर लिफ्टचा अख्खा तळ सावकाश खाली येत होता. काकांनी अंग झोकूनच भिंतीवरचं लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली. काकांनी हात वर केला असता तर तळाला टेकला असता.

ते शिडीवरून कसेबसे बाहेर आले तेव्हा ती सात मजले जिने उतरून, धापा टाकत समोर उभी होती. आता ही सगळ्यांदेखत आपली हजेरी घेणार, असं काकांना वाटलं. पण ती मटकन पायरीवर बसली.

“काका, मी तीनदा विचारलं,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाहेर आलात का, लिफ्ट खाली घेऊ का, तीनदा!”

“मला एकदाही नीट ऐकू आलं नाही,” काकांच्या तोंडून निसटलं.

निसटलं ते निसटलंच. मग काका तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

ती म्हणाली, “आणि मी समजत होते, मी इन्चार्ज झाले म्हणून तुम्ही माझ्यावर रुसलात.”

“थोडा रुसलोही होतो,” काका म्हणाले. “खोटं कशाला बोलू? पण त्या चिठ्ठ्या कशाला द्यायचीस?”

“तुम्ही बोलतच नव्हता ना!”

दोघंही एकदम हसायला लागले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं नाक पुसलं आणि सरळ होऊन म्हणाली, “काका, हे मला ऑफिसला कळवावं लागेल. लपवता येणार नाही. पण माझी चूकही मी त्यात लिहिणार. पूर्ण उत्तर आल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत आणि मी नुसत्या ‘हूं’वर हलवली. आणि कळवायच्या आधी, उद्या सकाळी आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी बरोबर येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी कानात दिवा धरून पाहिलं, चिमटा घातला, कोमट पाणी सोडलं आणि उजव्या कानातून मळाचा एक काळाकुट्ट गड्डा बाहेर काढला.

“हा किती वर्षं जपून ठेवलात?” त्यांनी विचारलं.

काकांना ते लख्ख ऐकू आलं. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, तेही ऐकू आलं. “याच्या बेअरिंगला तेल द्यायला हवं,” ते म्हणाले, आणि इन्चार्ज इतकी हसली की डॉक्टरबाईंनी तिला बाहेर बसवलं.

सगळंच काही मळानं केलं नव्हतं. तपासणीत डावा कान खरोखरच अधू निघाला, त्याला यंत्र लावावं लागणार होतं. यंत्र बसेपर्यंत खड्ड्यात एकट्यानं उतरायचं नाही आणि दर वर्षी तपासणी करायची, एवढ्यावर ऑफिसचं समाधान झालं. नोकरी शाबूत राहिली. काकांचा जीव भांड्यात पडला. घरी हे कळल्यावर बायको आधी रडली, मग म्हणाली, “सहा महिने ओरडून माझा घसा बसला, आणि मी समजत होते, माणूस हट्टी झालाय.”

पुढच्या सोमवारी काकांनी टोळीला गोळा केलं आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. आजपासून कुणाचं बोलणं कळलं नाही तर सरळ ‘परत सांग’ म्हणायचं, त्यात कमीपणा नाही, असंही बजावलं. तेवढ्यात टोळीतल्या इलेक्ट्रिशियननं घसा खाकरला.

“काका, मला... मला वायरींवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. दोन महिने झाले. रंगांवरून अंदाजानं जोडतोय.”

इन्चार्जनं कपाळावर हात मारला. “अरे देवा! गेल्या दोन महिन्यांत जोडलेलं सगळं आज परत तपासायचं. मी आणि काका बसतो.”

“बसू,” काका म्हणाले आणि इलेक्ट्रिशियनच्या खांद्यावर हात टाकला. “तू ये माझ्याबरोबर. समोरचा चष्मेवाला आत्ताच दुकान उघडतोय.”