एप्रिलचे तेल

"अहो, थांबा, उचलू नका!" रेनाटा म्हणाली, तोवर थॅक्सटरबाईंनी खंड उचललाही होता. पुस्तकाच्या कण्यावरचे चामडे तांबड्या भुकटीसारखे त्यांच्या मुठीत सुटले.

"छत्तीस वर्षं मी यांच्यावर हात फिरवतेय," थॅक्सटरबाई म्हणाल्या. "आणि तू मला उचलू नका म्हणतेस?"

व्हरमाँटच्या त्या गावात ग्रंथपाल कॉर्डेलिया थॅक्सटर यांचा शब्द खाली पडत नसे. दर एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला की, त्या गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या दप्तराचे दोनशे बारा खंड टेबलावर मांडीत. गुरांच्या पायांच्या हाडांचे तेल आणि लोकरीची चरबी एकत्र कोमट करून, चामडे टिकावे म्हणून, मऊ फडक्याने त्याला चोळीत. ही रीत त्यांना आधीच्या ग्रंथपालबाईंनी घालून दिली होती. नवरा वारला त्या एप्रिललाही त्यांनी तेल चुकवले नव्हते.

रेनाटा बोस्टनहून आली होती, जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करणारी. दोन दिवस तिने कपाटे तपासली होती. तिचा अहवाल ग्रंथालयाच्या मंडळापुढे जायचा होता.

"चामडं मुळातच वाईट कमावलेलं," ती म्हणाली. "वर गॅसच्या दिव्यांचा धूर. ते झिजणारच होतं. पण..."

"पण काय? अर्ध्यावर थांबू नकोस."

रेनाटाने दुसरा खंड उघडला. तेल कण्यातून पानांत उतरले होते. कागद इतका पारदर्शक झाला होता की मागच्या बाजूचे मृत्यू पुढच्या बाजूच्या जन्मांतून डोकावत होते. कोणते नाव कुठले, हे कळत नव्हते.

थॅक्सटरबाईंनी चष्मा लावला. पानावर वाकून त्यांनी एकेक ओळ लावून पाहिली.

"म्हणजे चामडंही गेलं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि नावंही."

"तेव्हा सगळीकडे असंच करायचे हो, बाई. मी धुराचंच लिहिते. तेलाचं कशाला? मंडळातल्या बाप्यांना काय कळतंय!"

"माझी कीव करतेस?"

"नाही हो..."

"मग लिही. उद्या दुसऱ्या गावात कुणी खुळी तेलाचा डबा घेऊन बसली असेल, तिला कळायला नको? लिही, १९५३ पासून दर एप्रिल. आणि 'कर्मचाऱ्यांनी' वगैरे नको. एकटीनं केलंय मी. पूर्ण नाव घाल."

रेनाटाने लिहिले. थॅक्सटरबाईंनी ते स्वतः वाचून पाहिले आणि एक स्वल्पविराम घालायला लावला.

"आता पुढं काय करायचं यांचं?"

"काही नाही. लावायचं काही नाही. सुटलेले पुठ्ठे सुती फितीनं बांधून ठेवायचे."

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

थॅक्सटरबाईंनी हात साबणाने दोनदा धुतले आणि पूर्ण कोरडे होऊ दिले. मग पहिला खंड दोन्ही तळव्यांवर तोलून घेत त्याच्याभोवती फीत नेली. रेनाटा मदतीला पुढे झाली.

"बस तू," त्या म्हणाल्या.

गाठ त्यांनी पानांच्या मोकळ्या कडेवर मारली, सैलसर, कण्याला रुतणार नाही अशी. ती नीट बसल्याचे बोटाने पाहिले. आणि दुसरी फीत कापायला घेतली.