माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पायांचा, म्हाताऱ्या माणसांना धरून चालायला लागतो तो. आपली गोष्ट सांगताना थोडी शेखी मिरवायची असते म्हणे. मला मात्र एक कबुली द्यायची आहे, आणि मला मान नसली तरी ती खाली जाते आहे.

कारखान्यात माझ्या पायांना ओळीने भोकं पाडली आणि प्रत्येक पायात एक बटण बसवलं. बटण भोकात बसलं की 'टक्' असा आवाज होतो. चार पायांचे चार टक् झाले, की माझी उंची पक्की. एवढंच माझं शिक्षण.

पहिल्या घरी एका आजींना मी दोन वर्षं चालवलं. "हा माझा चौथा मुलगा, आणि एवढा एकच ऐकतो," असं त्या आल्यागेल्याला सांगत. त्या गेल्या, आणि मी गॅलरीत टॉवेल वाळत घालायचा दांडा झालो. पुढे त्यांच्या सुनेने मला मास्तरांच्या लेकीला देऊन टाकलं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पलंगापासून खिडकीतल्या शिलाई मशीनपर्यंत अकरा पावलं. रोज दुपारी मला धरून ते तिथे जात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची काजं-बटणं करत. "तिथवर जातोय तोवर मी मास्तर, नाहीतर नुसता म्हातारा," असं ते लेकीला सांगत.

त्यांच्याकडे तीन विद्यार्थी येऊ लागले. एक व्यायामोपचार शिकणारी, एक नर्सिंगचा आणि एक डॉक्टर होऊ घातलेली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली: व्यायामताई, पट्टीवाला आणि अर्धी डॉक्टर. म्हाताऱ्या माणसाला घरी कसं सांभाळायचं ते एकमेकांकडून शिका, तिघं मिळूनच जा, असं त्यांच्या शिक्षिकेने बजावलं होतं. पण तिघांची वेळापत्रकं तीन दिशांना. त्यांनी वार वाटून घेतले.

सोमवारी व्यायामताईने मास्तरांना अनवाणी उभं करून मला पाचव्या भोकावर लावलं. बुधवारी पट्टीवाल्याने, घसरू नये म्हणून, त्यांच्या पायात जाड तळाच्या चपला घातल्या. आता मी बुटका ठरलो. त्याने मला सहाव्यावर चढवलं. शुक्रवारी अर्ध्या डॉक्टरने रक्तदाब बघायला त्यांना पुन्हा अनवाणी उभं केलं, तर त्यांचे खांदे कानाला लागले. तिने मला उतरवायला घेतलं. टक्, टक्, टक्. तेवढ्यात रक्तदाबाचं यंत्र वाजायला लागलं, ती आकडा लिहायला वळली, आणि माझा चौथा पाय एका भोकाने लांबच राहिला.

दुपारी मास्तरांनी मला धरलं. मी डुगडुगलो. मला कळलं होतं, मित्रांनो. मला बोलता येत नाही, पण कुरकुरता येतं. फरशीवर जरा घासलो, की अख्खं घर वळून बघतं. तरी मी गप्प बसलो. कुरकुर करणाऱ्याला गॅलरीत टाकतात, एवढंच माझ्या मनात होतं. सहाव्या पावलाला मी कललो आणि मास्तर पडले.

हाड वाचलं. मांडी काळीनिळी झाली. पण भीती आत शिरली, ती निघेना. चार दिवस ते उठलेच नाहीत. लेकीने मशीनवर चादर टाकली.

पाचव्या दिवशी शिक्षिका तिघांनाही घेऊन आल्या. "मी वॉकर पाचव्यावरच लावला होता," व्यायामताई म्हणाली. मग तो बुटका का वाटला, असं पट्टीवाल्याने विचारलं. अर्ध्या डॉक्टरने वाकून माझ्या पायांची भोकं मोजली.

"शेवटचा हात माझा होता," ती म्हणाली. "चौथा पाय मी बघितलाच नाही."

मला हायसं वाटलं. दोष दुसऱ्याच्या डोक्यावर गेला म्हणून हायसं. पडण्याइतकीच मला त्या हायसं वाटण्याची लाज आहे. ती पोरगी निदान बोलली तरी.

मास्तर पलंगावर पडल्यापडल्या म्हणाले, "एका गिऱ्हाइकाचं माप तीन शिंप्यांनी तीन दिवशी घेतलं, तर पँट कुणाला यायची? आणि माप घेण्याआधी विचारतात रे, की बाबा, बूट घालून देऊ की अनवाणी. मला कुणी विचारलं?"

मग व्यायामताईने हळूच विचारलं, "काका, चालताना चपला घालता की नाही?"

"घालतो," मास्तर म्हणाले. "असं विचारशील तर उभाही राहतो."

लेकीने मापाची टेप काढली. पट्टीवाल्याने चपला चढवल्या. अर्ध्या डॉक्टरने आधी बसवून, मग उभं करून रक्तदाब बघितला. व्यायामताईने कमरेला आधार दिला आणि मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. चौघांनी मिळून चार टक् ऐकले. मास्तरांनी पाचवा टक् जिभेने केला.

त्या दिवशी ते सातव्या पावलापर्यंत आले. आठवड्याने मशीनवरची चादर निघाली. मशीनवर बसून मास्तरांनी पहिलं काम माझं केलं. प्रत्येक पायाला ठरलेल्या भोकाखाली लाल दोरा घट्ट गुंडाळला. येणारे म्हणतात, छान दिसतो. मला त्या लाल दोऱ्यात सहावं पाऊल दिसतं.

मित्रांनो, दुसऱ्याने लावलेल्या गोष्टीला हात लावाल तेव्हा त्याला विचारा. ज्याच्यासाठी ती लावायची, त्याला सगळ्यांच्या आधी विचारा. आणि स्वतः कधी डुगडुगलात, तर खुशाल कुरकुरा. गॅलरीत टाकलं तर टाकू देत.